खेळाडू गेला की गद्दार, क्लब बुडाला की नशीब?

रग्बी खेळणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे पत्रक शेवटपर्यंत वाचावं आणि वाचून झालं की पुढच्याच्या हातात द्यावं.

5 ऑक्टोबर 2022. लंडनच्या उच्च न्यायालयानं ‘डब्ल्यूआरएफसी प्लेयर्स लिमिटेड’ नावाची एक कंपनी थकलेल्या करापायी मोडीत काढली. वूस्टर वॉरियर्स या 1871 सालच्या रग्बी क्लबच्या खेळाडूंचे आणि अनेक कर्मचाऱ्यांचे करार या कंपनीच्या नावावर होते. कंपनी मोडली आणि करार तिथल्या तिथे संपले. अकरा दिवसांपूर्वी, 24 सप्टेंबरला, याच खेळाडूंनी घरच्या मैदानावर न्यूकॅसलला 39-5 असं धुतलं होतं. कर्मचाऱ्यांच्या हाती ऑगस्टचा पगार अपुराच पडला होता. पुढचा होईल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. क्लब अखेरच्या घटका मोजतोय हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला दिसत होतं. तरी ते उतरले, भिडले आणि जिंकले. दोन दिवसांनी क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला.

ऑक्टोबरच्याच 17 तारखेला वॉस्प्सची पाळी आली. हा 1867 चा क्लब, 2004 आणि 2007 मध्ये युरोपचा विजेता. तिथे एका दिवसात 167 जणांच्या नोकऱ्या गेल्या. जून 2023 मध्ये लंडन आयरिश या क्लबला इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधून बाहेर काढलं. तेरा क्लबांची लीग वर्षभरात दहावर आली. जर्सी बेटावरचा जर्सी रेड्स हा क्लब 2023 मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला कुलूप लागलं.

आता मला सांगा, यातला बेइमान खेळाडू कोणता?

क्लब बुडाला की कारणं हजार सापडतात: कोविड आला, बाजार पडला, मालकांचे अंदाज चुकले. सगळे हळहळतात आणि नशिबाला बोल लावतात. पण भाकरीसाठी एखादा खेळाडू दुसऱ्या क्लबात गेला की त्याला एकच शब्द मिळतो आणि तो महाराष्ट्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. क्लबला एक माप आणि खेळाडूला दुसरं, हे चालणार नाही. ज्या क्लबला खेळाडूकडून निष्ठा हवी आहे, त्यानं खेळाडू जायला निघतो त्या दिवशी आपण कसे वागणार, ते आधी लिहून द्यावं. जखमी होऊन जाणारा असो, वगळला गेलेला असो, जास्त पैशासाठी निघालेला असो, की क्लबच बुडाल्यामुळे रस्त्यावर आलेला असो.

जॅक विलिसचं उदाहरण घ्या. वॉस्प्सच्या अकादमीतून वर आलेला हा फ्लँकर. फेब्रुवारी 2021 मध्ये इंग्लंडकडून इटलीविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा असा पिळवटला की तो कित्येक महिने मैदानाबाहेर गेला. त्यातून उठून तो परत आला आणि क्लबच बुडाला. नोव्हेंबरमध्ये तो फ्रान्सच्या तुलूजकडे गेला. 2023 मध्ये तुलूज फ्रान्सचा विजेता झाला, 2024 मध्ये युरोपचा, आणि दोन्ही वेळी विलिस त्या संघात होता. पण इंग्लंडचा नियम असा आहे की परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला, अपवाद सोडता, राष्ट्रीय संघात घेत नाहीत. क्लब बुडालेल्यांना काही काळ सवलत मिळाली आणि त्या सवलतीत विलिस 2023 चा विश्वचषक खेळला. नंतर तो तुलूजलाच राहिला आणि इंग्लंडच्या संघाचं दार त्याला बंद झालं. ज्यानं हात दिला त्याच्याकडे राहिल्याची ही शिक्षा! घरचा क्लब त्यानं सोडला नव्हता, घरचा क्लबच उरला नव्हता.

हे आजचं नाही. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेतली आणि ते मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण कशावरून होतं? खाणीत आणि गिरणीत राबणारा माणूस शनिवारी सामना खेळायला गेला की त्याची पाळी बुडायची, मजुरी कापली जायची. तेवढी भरपाई द्या, एवढंच मागणं होतं. ज्यांना मजुरीची ददात नव्हती अशा लोकांनी ते फेटाळलं. खेळ पैशासाठी नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ जन्मला आणि पुढची शंभर वर्षं जो कुणी पैसे घेऊन तिकडे गेला त्याला मूळ खेळाचं, म्हणजे रग्बी युनियनचं, दार जन्मभरासाठी बंद झालं. वेल्सच्या खाणपट्ट्यातली किती गुणी पोरं अशी ‘उत्तरेला गेली’ आणि आपल्याच गावच्या क्लबला परकी झाली! जोनाथन डेव्हिस वेल्सचा कर्णधार होता. 1989 मध्ये तो विडनेस या रग्बी लीग क्लबकडे गेला तेव्हा त्यालाही हेच भोगावं लागलं. मग ऑगस्ट 1995 मध्ये रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं व्यावसायिक खेळाला परवानगी दिली आणि काही महिन्यांत डेव्हिस कार्डिफकडून खेळताना दिसला. एका ठरावानं कालचं पाप आजचा व्यवसाय झालं. मधल्या शंभर वर्षांत ज्यांना वाळीत टाकलं त्यांचं काय?

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. रग्बीत पैसा नाही, क्लब तोट्यात चालतात, खेळाडूंचे पगार उत्पन्नाला झेपत नाहीत. यात खोटं काही नाही. पण ते पगार ठरवले कुणी? सारासेन्स या लंडनच्या क्लबनं पगाराची ठरवून दिलेली मर्यादा मोडली. नोव्हेंबर 2019 मध्ये 53 लाख 60 हजार पौंडांचा दंड झाला, 35 गुण कापले गेले आणि पुढे क्लबची रवानगी खालच्या श्रेणीत झाली. व्यवहार संचालकांच्या टेबलावर झाले होते, चिखलात मात्र खेळाडू उतरले. ओवेन फॅरेल, मारो इटोजे, जेमी जॉर्ज हे इंग्लंडचे बिनीचे खेळाडू. कोणत्याही क्लबनं पायघड्या घातल्या असत्या. ते खालच्या श्रेणीत खेळायला थांबले. खेळाडूला निष्ठा नसते म्हणणाऱ्यांनी ही नावं लक्षात ठेवावीत. पुढे फॅरेल 2024 मध्ये फ्रान्सला गेला आणि 2025 मध्ये परत आला, तेव्हा सारासेन्सनं त्याला घेतलं. गेलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवलं म्हणून क्लबचं काय बिघडलं?

पैशाच्या कारणानं जाणाऱ्याची निदान बातमी होते. जखमी होऊन जाणारा गुपचूप जातो. स्टीव्ह थॉम्पसन हा 2003 साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघाचा हूकर. वयाच्या चाळिशीतच त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि 2020 मध्ये त्यानं जगाला सांगितलं की तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही. त्याच्यासारखे अनेक माजी खेळाडू आज संघटनांविरुद्ध कोर्टात उभे आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या 412 माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध केला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे अडीच पट आढळला. अशा माणसाला मैदानावर टाळ्या वाजवून, खांद्यावर शाल घालून निरोप दिला म्हणजे क्लबचं कर्तव्य संपलं का?

आता आपल्याकडे या. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सात-सात खेळाडूंचा वेगवान खेळ, परदेशचे नामवंत, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली पोरं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाआडचा साहेबी खेळ, ही समजूत मोडायला असं काहीतरी हवंच होतं. पण पैसा आला की करार येतात. करारांबरोबर सोडून जाणं, काढून टाकणं आणि बुडणंही येतं. इंग्लंडला हे शिकायला सव्वाशे वर्षं लागली आणि तरीही नीट जमलं नाही. आपण नव्यानं सुरुवात करतोय. घडी नीट बसवायची ती आत्ताच.

मैदानावर आज काय चालतं, ते मी रोज पाहतो. सतरा वर्षांचा पोरगा टॅकलमध्ये आपटतो. उठतो, पण पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे. स्कोअर विचारला तर मागच्या सामन्याचा सांगतो. बाजूनं कुणीतरी बाटली घेऊन धावतं, डोक्यावर पाणी ओततं, पाठीवर थाप मारतं, ‘काही नाही झालं रे, मर्दासारखा खेळ’. आणि पोरगा पुन्हा आत. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी अशा पातळीवरच्या खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरू द्यायचं नाही, हा जागतिक रग्बी संघटनेचा नियम आहे. तो मोडणाऱ्या प्रशिक्षकाला क्लबनं त्याच दिवशी घरी पाठवावं, मग त्यानं कितीही चषक आणलेले असोत. यावर मी कोणतीही तडजोड ऐकून घेणार नाही.

दुसरी गोष्ट एनओसीची. खेळाडूला क्लब किंवा जिल्हा बदलायचा असला की ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मग सेक्रेटरी गावाला गेलेले असतात, शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असते आणि नोंदणीची मुदत टळून जाते. रग्बीतच नाही, आपल्या बहुतेक मैदानी खेळांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. त्याहून वाईट प्रकार स्पर्धेच्या प्रमाणपत्रांचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. ज्या घरात सरकारी नोकरी कुणी पाहिलेली नाही त्या घरच्या मुलीसाठी तो कागद म्हणजे सगळ्या खेळाची कमाई. ‘आधी यंदाचा हंगाम आमच्याकडून खेळ, मग कागद देतो’ असं तिला सांगणारा पदाधिकारी मला भेटला आहे. ही सरळसरळ वेठबिगारी आहे. खेळाडूची कागदपत्रं खेळाडूची असतात. मागितली त्या आठवड्यात ती मिळाली पाहिजेत आणि एनओसी अडवायची असेल तर कारण लेखी दिलं पाहिजे.

फ्रँचायझी असो की गल्लीतला क्लब, माझं मागणं असं आहे. करार खेळाडूला वाचता येईल अशा भाषेत असावा. कोकणातल्या पोराला मराठीत, ओडिशातून आलेल्या मुलीला ओडियात. पैसे कोण देणार, कंपनी नेमकी कोणती, आणि ती बुडाली तर ते कुठून येणार, हे त्यात स्पष्ट असावं. वूस्टरच्या खेळाडूंचं भवितव्य शेवटी त्या एका कंपनीच्या नावावर येऊन ठेपलं होतं. लीगनं प्रत्येक संघाकडून पगाराइतकी रक्कम हंगामाआधीच अनामत ठेवून घ्यावी. मैदानावर झालेल्या दुखापतीचा खर्च, ऑपरेशननंतरच्या फिजिओथेरपीसकट, हंगाम संपला तरी क्लबनंच उचलावा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर बरं व्हायला महिने लागतात, आणि दोन आठवड्यांच्या लीगचा विमा तिसऱ्या आठवड्यात संपत असेल तर तो काय कामाचा? वगळायचं असेल तर खेळाडूला समोर बसवून सांगा. यादीत आपलं नाव नाही हे त्यानं व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळून घ्यावं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. आणि जो दुसरीकडे चालला त्याच्याबद्दल नव्या पोरांसमोर वाकडं बोलू नका. तीही उद्या जाणार आहेत आणि तुम्ही काय बोलता ते ऐकत आहेत.

खेळाडूंनाही एक सांगायचं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे करार महिनोन्महिने लटकले होते. इंग्लंडविरुद्धचा सामना तोंडावर असताना त्यांनी एकजुटीनं सांगितलं की तोडगा निघाला नाही तर आम्ही उतरणार नाही. परदेशी क्लबात गेलेल्याला वेल्सकडून खेळायचं असेल तर आधीचे 60 सामने गाठीशी हवेत, असा तिथला नियम होता. तो 25 वर आला. हे त्यांनी एकेकट्यानं मागितलं असतं तर कुणी दाद दिली नसती. आपल्याकडे रग्बी खेळाडूंची संघटना नाही. ती होईपर्यंत निदान एका संघातल्या सगळ्यांनी आपापले करार एकमेकांना दाखवावेत. रक्कम लपवून ठेवायला सांगणारा माणूस तुमचं भलं करत नसतो.

आईवडिलांनो, मुलाच्या हातात करार आला की तो घरी आणायला सांगा. ‘आजच सही करा, उद्या जागा जाईल’ असं कुणी म्हणालं तर जागा जाऊ द्या. दुखापत झाली तर पैसे कोण देणार, क्लब बंद पडला तर काय, आणि सोडून जायचं असेल तर काय करायचं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या. दोन्हीकडच्या सह्यांची प्रत हातात मिळेल याची खात्री झाल्याशिवाय मुलाला सही करू देऊ नका.

— एक रग्बी प्रशिक्षक