बापू नाडकर्णी : एकवीस निर्धाव षटकांपलीकडे

सिन्नरच्या गोंदेश्वराला कोणी सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे झाले, की आपण इतिहासप्रेमी त्याला थांबवतो. शिखराची भूमिज घडण दाखवतो, पंचायतन समजावतो. मात्र शेजारच्या नाशकात ४ एप्रिल १९३३ रोजी जन्मलेल्या रमेशचंद्र गंगाराम तथा बापू नाडकर्णी यांच्यावर ‘कंजूष गोलंदाज’ हा एकच शिक्का मारताना आपल्याला काहीच वाटत नाही.

शिक्क्याचे मूळ सर्वज्ञात आहे. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. सलग २१ षटके निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. डावाअखेर ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून ते नेमके टिपण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे सांगतात. विक्रम थोरच, पण त्यातला तो शून्य लोकांनी उचलला आणि बापू केवळ धावा रोखणारे ठरले.

माझ्या मते हा अन्याय आहे, आणि त्याचा पुरावा त्याच वर्षाच्या धावफलकांत आहे. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा बापूंनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. पुढे ऑक्टोबरात त्याच मद्रासमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. भारत तो सामना हरला. पराभवातले पराक्रम कोण लक्षात ठेवतो?

पदार्पणही असेच झाकोळलेले. डिसेंबर १९५५, दिल्ली. विनू मंकड विश्रांतीवर होते म्हणून संधी मिळाली. न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ६८ धावा केल्या. तेही डावखुरे फिरकीपटू आणि अष्टपैलू, हेही तसेच. मंकडांच्या सावलीत उभे राहणे सोपे नव्हते.

कारकिर्दीचा हिशेब सांगतो : ४१ कसोटी, १४१४ धावा, ८८ बळी, षटकामागे जेमतेम १.६७ धावा. शेवटचा आकडा सगळे उद्धृत करतात, आधीचे दोन गाळून.

१९६८ मध्ये भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका न्यूझीलंडमध्ये जिंकली. त्या मालिकेत वेलिंग्टनला दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेणारा गोलंदाज हाच ‘कंजूष’ नाशिककर होता.