कार्ब्युरेटरला एवढ्यात मोडीत काढू नका

अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने, म्हणजे एनएचआरएने, २०१६च्या हंगामापासून आपल्या ‘प्रो स्टॉक’ वर्गातले कार्ब्युरेटर बंद केले आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन सक्तीचे केले. ५०० घनइंचांच्या, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आसपासच्या त्या इंजिनांवर तोवर दोन-दोन मोठे कार्ब्युरेटर बसत. हा निर्णय झाला आणि कार्ब्युरेटरचा निकाल लागला असे अनेकांनी धरून टाकले. घरची गाडी इंजेक्शनवर, मोटारसायकल इंजेक्शनवर, आता शर्यतही इंजेक्शनवर. मग हौशी स्पर्धकाने जुन्या यंत्राला कवटाळून का बसावे, असा सवाल त्यामागे असतो. सवाल रास्त आहे, पण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. शनिवार-रविवारी स्थानिक ट्रॅकवर पेट्रोलवरची, टर्बो नसलेली व्ही-८ गाडी पळवणाऱ्या अमेरिकी हौशी स्पर्धकासाठी कार्ब्युरेटर हीच आजही शहाणपणाची निवड आहे, असे माझे मत आहे. जुन्याच्या प्रेमाचा त्यात काही संबंध नाही. ड्रॅग रेसिंगमध्ये इंजिनाला करावे लागणारे काम पाहिले की हाच हिशेब निघतो.

ते काम फार चमत्कारिक आहे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ रस्ता, पाय पूर्ण दाबलेला आणि दहा-बारा सेकंदांत सगळे संपलेले. इंजेक्शनने रस्त्यावरच्या गाडीत जे राज्य मिळवले ते थंडीत पटकन सुरू होणे, ट्रॅफिकमध्ये रांगताना न अडखळणे, मायलेज आणि धुरावरचे निर्बंध या गुणांवर. यातला एकही गुण त्या दहा सेकंदांत कामाला येत नाही. याउलट कार्ब्युरेटरचे दुखणे आहे ते अर्धवट उघडलेल्या थ्रॉटलवर, बदलत्या वेगात. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल येते, एवढेच त्याचे तत्त्व. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना हवेचा प्रवाह भरपूर असतो आणि हे तत्त्व सर्वांत नीट चालते ते तेव्हाच.

ताकदीच्या बाबतीतही इंजेक्शनच्या बाजूने बोलणारे थोडे जास्तच बोलतात. पेट्रोलचे बाष्प होताना ते हवेतली उष्णता शोषते आणि थंड हवा दाट असते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वरच मिसळते, त्याला वाफ व्हायला मॅनिफोल्डची सगळी लांबी मिळते. पोर्ट इंजेक्शनमध्ये ते थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडते आणि थंडाव्याचा बराचसा भाग हवेऐवजी धातूला जातो. त्यामुळे डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, कमाल ताकदीच्या टोकाला चांगला कार्ब्युरेटर बरोबरीत राहणे, प्रसंगी थोडा पुढेही निघणे, ही नवलाची गोष्ट नाही. इंजेक्शनचा खरा फायदा वाटपाचा आहे. ओले मिश्रण मॅनिफोल्डच्या वळणांवरून जाताना जड पेट्रोल हवेबरोबर सारखे वळत नाही, आणि आठ सिलिंडरांपैकी एखादे उपाशी राहते. इंजेक्शनमध्ये प्रत्येक सिलिंडरचा शिधा वेगळा ठरवता येतो. हा फायदा मोठा आहे, मात्र प्रत्येक सिलिंडरचे तापमान मोजणारी साधने आणि ते आकडे वाचणारा माणूस हाताशी असेल तरच. नसेल तर आठही सिलिंडरांना एकच आकडा जातो आणि महागड्या यंत्राचा निम्मा उपयोग वाया जातो.

आता हवामानाकडे येऊ, कारण इंजेक्शनच्या बाजूचा सर्वांत भारदस्त युक्तिवाद तिथला आहे. हौशी स्पर्धकांची मोठी संख्या ‘ब्रॅकेट’ शर्यतीत उतरते. तिथे स्पर्धक आपली वेळ आधीच जाहीर करतो, समजा १०.२० सेकंद, हळू गाडीला फरकाएवढी आघाडी मिळते, आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. म्हणजे जिंकतो तो वेगवान नव्हे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच वेळ काढणारा. इंजेक्शनवाले म्हणतात, तापमान बदलले की कार्ब्युरेटरचे मिश्रण बिघडते, इंजेक्शनचा संगणक, म्हणजे ईसीयू, मात्र ते सावरून घेतो. हे खरे आहे, पण किती खरे आहे ते मोजू. सकाळी २० अंश असलेला पारा दुपारी ३२ वर गेला, तर हवा सुमारे चार टक्क्यांनी विरळ होते. कार्ब्युरेटर ही घट पूर्ण पकडत नाही, अर्धी पकडतो. परिणामी मिश्रण साधारण दोन टक्क्यांनी रिच होते, त्यात पेट्रोल वाढते, म्हणजे हवा-पेट्रोलचे गुणोत्तर १२.८ असेल तर साडेबाराच्या आसपास येते. पेट्रोल इंजिनाची कमाल ताकद याच पट्ट्यात मिळते आणि हा पट्टा बऱ्यापैकी सपाट आहे. इतक्या सरकण्याने ताकदीत पडणारा फरक नगण्य. खरा फटका बसतो तो चार टक्के ऑक्सिजन कमी झाल्याचा. दहा सेकंदांच्या गाडीची वेळ त्याने एक दशांश सेकंदाहून अधिक वाढते. आणि हा ऑक्सिजन ईसीयू कुठून आणणार? तो मिश्रणाचे प्रमाण सुधारेल, हवा दाट करणार नाही. वेळ दोन्ही गाड्यांची वाढणार, आणि दोन्ही स्पर्धकांना हवामान यंत्र पाहून नवी वेळ जाहीर करावी लागणार.

तापमानापेक्षा उंचीचा फरक मोठा असतो. डेन्व्हरजवळचा बँडिमेर ट्रॅक २०२३ मध्ये बंद होईपर्यंत ५,८०० फुटांवर चालत असे. समुद्रसपाटीच्या गावातून तिथे गेलेल्या गाडीला हवा सहाव्या हिश्शाने विरळ मिळे आणि कार्ब्युरेटर नऊ-दहा टक्क्यांनी रिच चाले. तेवढा फरक अर्थातच सोसत नाही. जेट बदलावे लागत. पण ते काम स्क्रू-ड्रायव्हरचे आणि काही मिनिटांचे आहे. दर आठवड्याला त्याच ट्रॅकवर जाणाऱ्याला तर ते क्वचितच करावे लागते.

गाडी सुटण्याचा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. हिरवा दिवा लागतो, पुढची चाके उचलली जातात आणि गाडीतला प्रत्येक द्रव मागे धावतो. पेट्रोल साठवणारे पुढे-मागे दोन कटोरे असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पुढच्या कटोऱ्याचे जेट मागच्या भिंतीत असतात, त्यामुळे तिथे पेट्रोल उलट जेटवरच चढते. मागच्या कटोऱ्याचे जेट मात्र पुढच्या भिंतीत. पेट्रोल मागे गेले की ते उघडे पडतात आणि ऐन जोराच्या क्षणी इंजिन लीन होते, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडते. त्यावरचा तोडगा म्हणजे जेटला बसवायची छोटी नळी, जी मागे जाऊन पेट्रोलात बुडून राहते, आणि तिच्यासाठी खाच पाडलेला फ्लोट. अडचण डोळ्यांना दिसते आणि उपायही हाताने बसवता येतो. इंजेक्शनमध्ये हाच त्रास टाकीत होतो. तिथे पंपाने क्षणभर हवा ओढली तर कार्ब्युरेटरसारखा भरलेला कटोरा मधे सांभाळायला नसतो. दाब पडतो आणि पिस्टन जळू शकतो. शिवाय वजन वाचवायला अनेक ड्रॅग गाड्यांतून अल्टरनेटर काढलेला असतो. बॅटरी उतरत गेली की इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ बदलतो, म्हणून त्याची भरपाई ईसीयूमध्ये नीट भरलेली असावी लागते. हे सगळे प्रश्न सुटतात, रोज सुटत आहेत. पण ते सोडवायला पैसा, वायरिंगची शिस्त आणि वेळ लागतो, आणि तेवढ्या पैशात चांगले टायर व गाडीला साजेसा टॉर्क कन्व्हर्टर आला असता तर वेळ नक्की कमी झाली असती.

‘स्वतः शिकणारी’ इंजेक्शन किट हा त्रास वाचवतात असे सांगितले जाते. ती शिकतात संथ चालीत, एका वेगाने धावताना. पूर्ण थ्रॉटलच्या दहा सेकंदांत त्यांना शिकायला उसंत मिळत नाही. आणि त्यांचा गुरू असलेला ऑक्सिजन सेन्सर कधी कधी चक्क खोटे सांगतो. मिश्रण फार रिच होऊन सिलिंडर मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो, सेन्सर त्याला लीन समजतो, आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. शिसेयुक्त रेसिंग पेट्रोल वापरत असाल तर हा सेन्सर फार काळ टिकतही नाही.

मग एनएचआरएला हे कळत नव्हते काय? कळत होते. पण तो निर्णय वेगासाठी झालाच नव्हता. त्याच नियमांत इंजिनाच्या फेऱ्यांवर मिनिटाला १०,५०० ची मर्यादा आली आणि बॉनेटवरचे उंच हवेचे खोकेही गेले. शोरूममधल्या गाडीशी शर्यतीच्या गाडीचे नाते पुन्हा जोडणे, प्रेक्षक आणि कंपन्या टिकवणे हा हेतू होता. व्यवसायाच्या दृष्टीने तो योग्यही असेल. हौशी माणसाने त्यावरून आपले इंजिन ठरवायचे कारण नाही. प्रो स्टॉकहून वेगवान गाड्या पाहा. टॉप फ्युएल वर्गातल्या नायट्रोमिथेनवरच्या गाड्यांत इंजेक्शन आहे, पण ते यांत्रिक. धावेच्या वेळी इंधनाचे प्रमाण ठरवणारा संगणक तिथे नाही. स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर धावणाऱ्या गाड्यांसाठी जी यांत्रिक पद्धत विकसित केली, तिचीच ही वंशावळ. नायट्रोला तेवढ्याच हवेमागे पेट्रोलच्या आठपटींहून अधिक इंधन लागते, ते कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले नाही. म्हणजे निवड इंधनाने आणि कामाने ठरली, साल कोणते आहे त्याने नव्हे.

दोन आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहेत. पहिला टर्बोचा. दाबाखालची हवा, क्षणोक्षणी बदलणारा बूस्ट आणि चुकीला शून्य माफी अशा इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच हवे. मिश्रण लीन झाल्यावर इंजिन बंद करणारा ईसीयू तिथे पहिल्याच चुकीत आपली किंमत वसूल करतो. दुसरा आक्षेप माणसांचा. स्पार्क प्लगच्या चिनी मातीचा रंग पाहून मिश्रण ओळखणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत, आणि विशीतल्या मुलाला लॅपटॉपवरचा आलेख जेटच्या नंबरापेक्षा लवकर कळतो. ज्याला आलेख वाचता येतो आणि वाचायची सवय आहे, त्याने खुशाल इंजेक्शन घ्यावे. पण केवळ आलेख हवा असेल तर मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर आणि डेटा लॉगर कार्ब्युरेटरच्या गाडीलाही बसवता येतात, आणि एकूण खर्च तरीही कमी येतो.

याच हिशेबाने आपल्याकडचा निकाल उलटा लागतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये उतरणाऱ्या बहुतेक मोटारी कंपनीतूनच इंजेक्शन घेऊन आलेल्या असतात, त्यातल्या कितीतरी टर्बो असतात. मारुती ८०० देखील २०००च्या सुमारास इंजेक्शनवर गेली, आणि एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनी नव्या दुचाकींवरचा कार्ब्युरेटरही जवळजवळ संपवला. अशा गाडीचे चालू इंजेक्शन उपटून रांगडेपणापायी कार्ब्युरेटर लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे; तिथे पैसे द्यायचे ते मॅपिंग जाणणाऱ्या ट्यूनरला आणि चांगल्या टायरना. १९९६ मध्ये बंद झालेली आरएक्स १०० मोटारसायकल घेऊन उतरणाऱ्याने मात्र तिचा कार्ब्युरेटर काढू नये. त्याने आधी जेटचा एक संच विकत घ्यावा, दर धावेनंतर प्लग काढून पाहावा आणि हवेचे तापमान वहीत लिहून ठेवावे.