मोलकरणीची मुलगी आणि मंगळावरची जागा



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, आणि चपला शोधत असतानाच एका ताईंनी मला गाठले. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलीला बारावीपर्यंत आणले आहे. त्यांची तक्रार अशी, की पोरगी कॉलेजच्या ग्रंथालयातून भलतीसलती पुस्तके आणते. भुताखेतांची, परग्रहावरच्या प्राण्यांची, काळात मागेपुढे जाणाऱ्या माणसांची. "भाऊ, आपण भूत मानत नाही, घरातले देव्हारे कधीच काढले, आन् ही रात्री दोन वाजेस्तोवर हडळीचं वाचत बसते. तुम्ही लेखात लिहा काहीतरी, म्हंजे तिला दाखवते."

ताई, लिहितो आहे. पण तुम्हाला हवे तसेच होईल असे नाही.

भूत मानणे वेगळे आणि भुताची गोष्ट ऐकणे वेगळे. जो भूत मानतो तो गंडादोरा बांधायला भगताकडे जातो. जो गोष्ट ऐकतो तो पांघरूण डोक्यावर ओढून घेतो आणि "पुढं काय झालं?" म्हणून विचारतो. गोष्ट संपली की पाणी पिऊन झोपतो. यात कसली अंधश्रद्धा? पण एवढे सांगून मला थांबायचे नाही. अशाच गोष्टी लिहिणाऱ्या एका मोलकरणीच्या मुलीची ओळख तुम्हाला आणि तुमच्या लेकीला करून द्यायची आहे.

तिचे नाव ऑक्टाव्हिया बटलर. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पासाडेना गावी २२ जून १९४७ रोजी एका काळ्या कुटुंबात तिचा जन्म झाला. बाप लोकांच्या बुटांना पॉलिश करी. मुलगी लहान असतानाच तो वारला. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि कधीकधी या मुलीलाही सोबत नेई. आत शिरायचे ते मागच्या दाराने. घरचे लोक आईसमोरच नको ते बोलत आणि आई ऐकूनही न ऐकल्यासारखे करी. मुलीला राग येई, तो गोऱ्यांचा नव्हे, आईचा! ही उलटून का बोलत नाही?

त्याच आईने मालकांनी टाकून दिलेली पुस्तके घरी आणली, हे मात्र मुलीला पुढे उमगले. मुलगी उंचेली, बुजरी, अक्षरे वाचताना अडखळणारी. शाळेत चेष्टेचा विषय. दहाव्या वर्षी तिने हट्ट करून आईकडून टाइपरायटर घेतला. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरच्या बाईचा एक सुमार सिनेमा पाहिला आणि यापेक्षा बरी गोष्ट आपण लिहू, असे तिच्या मनाने घेतले. आपल्या जातीची माणसे लेखक होत नसतात, अशी समजूत तिच्या मावशीने प्रेमानेच घातली. तोवर काळ्या माणसाने लिहिलेले एकही पुस्तक या मुलीच्या वाचनात आलेले नव्हते, तेव्हा मावशीला खोटे कसे ठरवणार?

मोठेपणी तिने भांडी घासली, कारखान्यात बटाट्याचे वेफर्स तपासले, फोनवरून माल विकला. पहाटे दोनला उठून लिहायचे आणि मग कामाला जायचे. पहिली कादंबरी १९७६ साली निघाली.

आता तिच्या ज्या पुस्तकाने माझी झोप उडवली त्याकडे वळतो. नाव 'किंड्रेड', म्हणजे रक्ताची नातलग माणसे, साल १९७९. माझे इंग्रजी फॉर्म भरण्यापुरते. हे पुस्तक मला माझ्या सुनेने सांगितले, रोज रात्री जेवणे झाल्यावर दोन-दोन प्रकरणे. घरात बारा वर्षांपासून सत्तरीपर्यंतचे श्रोते, आणि ओट्यावरची भांडी तशीच पडलेली!

गोष्ट अशी. १९७६ साल. डाना नावाची काळी तरुणी, लेखिका, नवऱ्याबरोबर नव्या घरात सामान लावते आहे. एकाएकी तिला चक्कर येते. डोळे उघडते तर समोर नदी आणि नदीत बुडणारे एक गोरे पोर. ती त्याला बाहेर काढते, तोंडात श्वास भरून जगवते. मान वर करते तर पोराच्या बापाची बंदूक तिच्यावर रोखलेली! भीतीने जीव जातो म्हणेतो ती पुन्हा आपल्या घरात, ओल्या कपड्यांनिशी. ती गेली होती १८१५ सालच्या मेरिलँडमध्ये, जिथे काळ्या माणसाची खरेदी-विक्री चाले.

पोराचे नाव रुफस. त्याच्या जिवावर बेतले की डाना मागे ओढली जाते, आणि तिच्या स्वतःच्या जिवावर बेतले की परत येते. असे सहा वेळा होते. मधेच तिला उलगडते, की हा रुफस आपल्याच वंशाचा मूळपुरुष आहे. एका काळ्या स्त्रीवर जबरदस्ती करून तो मुलीला जन्म देणार, आणि त्या मुलीपासून डानाचा वंश चालणार. म्हणजे ती मुलगी जन्मेपर्यंत या माणसाला जिवंत ठेवले नाही तर डाना स्वतःच जन्मणार नाही! माझ्या नातवाने इथे "बाप रे" म्हटले आणि सुनेने त्या दिवसापुरते पुस्तक मिटले. आम्ही सगळे तिच्यावर चिडलो.

यात यंत्र नाही, शास्त्र नाही, म्हणून बटलर स्वतः याला विज्ञानकथा म्हणत नसे. भीषण कल्पितकथा म्हणे. पण तिने त्यासाठी बसने मेरिलँड गाठले, ग्रंथालये धुंडाळली. जॉर्ज वॉशिंग्टनचा वाडा पाहायला गेली तेव्हा तिथले वाटाडे गुलामांना गुलाम न म्हणता 'नोकर' म्हणत होते. खरा इतिहास इतका क्रूर होता, की वाचकाला सोसवावा म्हणून तिला तो पुस्तकात सौम्य करावा लागला.

हे पुस्तक सुचले कसे? कॉलेजात तिचा एक सोबती होता, चळवळीतला. जुन्या पिढीने मान खाली घालून आपले वाटोळे केले, असा त्याचा राग. ते ऐकून तिला मागच्या दाराने जाणारी आपली आई आठवली. तिने आईकडे रागाने पाहिले होते, पण तिच्या पोटात दोन घास गेले ते त्याच दाराने. म्हणून तिने आजच्या ताठ मानेच्या मुलीलाच त्या काळात नेऊन उभे केले. आता राहून दाखव!

वाचकहो, माझे आजोबा येसकर होते. दारोदार भाकरी मागून आणत, मेलेली ढोरे ओढत. कॉलेजात असताना मी त्यांना तोंडावर विचारले होते, "तुम्ही सोसलं कशाला?" ते काही बोलले नाहीत, चिलीम झटकत राहिले. डाना फटके खाऊन खाली मान घालायला शिकते, त्या रात्री मला ती चिलीम आठवली. अनेक परिषदांत गुलामगिरीवरची भाषणे मी ऐकली आहेत, दिलीही आहेत. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला, हेही पाठ आहे. पण पोटात गोळा आला तो या गोष्टीने.

बटलरचे सगळेच मला पचले असे नाही. 'ब्लडचाइल्ड' या कथेत किड्यासारखे परग्रहवासी माणसांच्या पोरांच्या अंगात अंडी घालतात. तिला मोठमोठी पारितोषिके मिळाली, पण माझे जेवण राहिले. जेवणाआधी ती वाचू नये.

आणखी एक गंमत. 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही तिची कादंबरी १९९३ साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रकाशनाने काढली. प्रकाशनाचे नाव 'चार भिंती, आठ खिडक्या'! त्यातला एक भागीदार पुढे वेगळा झाला, तेव्हा सात जणांनी त्याची सोबत केली, म्हणून त्याच्या नव्या प्रकाशनाचे नाव 'सेव्हन स्टोरीज' पडले. त्या सातांत बटलर होती. या कादंबरीत २०२४ सालापासूनची एका मुलीची डायरी आहे. पाऊस नाही, पाणी महाग, वस्त्यांना आगी, आणि दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगात जाणवणारी ही पोरगी माणसे गोळा करत रस्त्याने चाललेली. सगळे बदलते, या विचारावर ती नवा पंथ उभारते. त्यासाठी ती 'देव' शब्द वापरते ते आपल्याला खटकेल, पण अनित्यता तिला नेमकी कळली होती. जानेवारी २०२५ मध्ये पासाडेनाला लागून असलेले अल्टाडेना गाव वणव्यात होरपळले. बटलरला तिथेच पुरले आहे. भविष्य तिला दिसत नव्हते. ती रोजचे वर्तमानपत्र नीट वाचत असे, इतकेच.

२००६ साली ती वारली. हीच कादंबरी २०२० साली, तिच्या मागे चौदा वर्षांनी, न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेचे यान मंगळावर उतरले, आणि ते जिथे उतरले त्या जागेला शास्त्रज्ञांनी ऑक्टाव्हिया बटलरचे नाव दिले.

तेव्हा ताई, परीक्षा तोंडावर असेल तर दोन वाजेपर्यंत जागू नको म्हणून जरूर रागवा. पण हा लेख दाखवण्याआधी एक करा. आज रात्री तांदूळ निवडायला बसाल तेव्हा तिला जवळ बसवा, आणि ती हडळ शेवटी कोण निघाली ते विचारा. मलाही पुढच्या रविवारी सांगा.