दर्शनानंतरची अंबाजोगाई

बल्गेरियातील वेलिको तर्नोवो हे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसेल. ११८५ मध्ये तेथे दोघा भावांनी बायझंटाइन सत्तेविरुद्ध उठाव केला आणि १३९३ पर्यंत ते नगर राजधानी म्हणून नांदले. पुढे सुमारे पाच शतके तुर्की अंमल होता. तेथील चाळीस हुतात्म्यांच्या चर्चची या काळात मशीद झाली. त्याच वास्तूत १९०८ साली बल्गेरियाने पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा केली. आज प्रवासी त्सारेवेत्सची टेकडी चढतात, या चर्चमधील १२३० सालचा स्तंभलेख पाहतात आणि चार-पाच किलोमीटरवरील अर्बानासी गावातील भित्तिचित्रांसाठी आणखी एक दिवस राहतात.

आता आपल्या अंबाजोगाईकडे वळू. ही राजधानी नव्हे. यादवांची राजधानी देवगिरी. परंतु तर्नोवोच्या उठावानंतर अवघ्या तीन वर्षांनी, शके १११० मध्ये, मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ सिद्ध झाला आणि परंपरा त्यांची समाधी याच गावाजवळील बालाघाटाच्या दरीत दाखवते. (विदर्भातील मंडळी आंभोऱ्यावरचा आपला हक्क सोडणार नाहीत, हे आम्ही जाणून आहोत.) सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव या गावाशी जोडलेले आहे. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत नर्मदातीरी पडला आणि बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ येथे नारायणाचे मंदिर उभारले. शके ११६२ च्या शिलालेखात ही कथा कोरलेली आहे. बहिणीने भावासाठी बांधलेले असे किती स्मारक आपल्याला ठाऊक आहे?

योगेश्वरी ही कोकणातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून कुटुंबे येतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि दुपारी परळी वैजनाथची वाट धरतात. जयंती नदीकाठच्या हत्तीखान्यात, कातळात कोरलेला विशाल मंडप आणि अंगणातील दगडी हत्ती वाट पाहत उभेच राहतात. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली सुमारे ४० फुटी पासोडी याच गावात आहे, हे किती यात्रेकरूंना कोणी सांगते? बाराखांबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सकलेश्वर मंदिराच्या परिसरात २०२४ साली पुरातत्त्व विभागाच्या कामात आणखी दोन मंदिरांचे पाये उघड झाले. वृत्तपत्रांत बातमी आली आणि विरून गेली. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराची भिंत शिल्पांनी मढलेली आहे. तेही परळीहून फार लांब नाही.

दोष केवळ शासनाचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. तर्नोवोची तटबंदी अर्ध्या शतकाच्या चिकाटीने, १९८१ पर्यंत पुन्हा उभी केली गेली. एवढे सामर्थ्य आपल्या नगरपालिकेकडून कोणी मागत नाही. येथे मागणे लहान आहे. भक्तनिवासात खोली देताना हाती एक नकाशा द्यावा. शिलालेखांशेजारी त्यांचा आजच्या मराठीतला अर्थ लावावा. येथील महाविद्यालयांत इतिहास शिकणारी मुले नवरात्रात आणि मार्गशीर्षातील उत्सवात वाटाडे म्हणून उभी राहावीत. चार पैसे त्यांनाही मिळतील. कोकणातून आलेल्या कुटुंबाने परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढावे. सकाळी देवीचे दर्शन, उन्हं कलल्यावर हत्तीखाना, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुकुंदराजांची दरी. पावसाळा सरल्यावर ती हिरवीगार असते.