चाकोरीत उतरल्यावर

‘चाकोरीबाहेरचे’ हे मराठी समीक्षेतले फार स्वस्त झालेले विशेषण आहे. कवितासंग्रहाची पाठराखण असो, परीक्षण असो की चर्चासत्राचे बीजभाषण, लेखकाने चाकोरी मोडल्याचे जाहीर केल्याशिवाय वक्त्याचे समाधान होत नाही. उत्तरपत्रिकांतही हा शब्द आता इतका येतो, की तो लिहिणाऱ्याने चाकोरी कधी पाहिली तरी आहे काय, असा प्रश्न पडावा. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पडलेला चर. डांबरावर चाकोरी पडत नाही. आमची विद्यार्थ्यांची पिढी डांबरावर वाढली, आणि खरे तर आम्हीही.

गेले दोन हिवाळे आम्ही तिघे अध्यापक सुटीच्या दिवशी पहाटे मोटारसायकली घेऊन एकलहऱ्याच्या आसपासच्या मातीच्या वाटांवर जात आहोत. आमच्यापैकी प्रत्येकाची वीस-पंचवीस वर्षे डांबरी रस्त्यावर गाडी चालवण्यात गेलेली. चाळिशी उलटल्यावर हे नवे शिक्षण कशासाठी, असे सहकाऱ्यांनी विचारले. त्याला आमच्याजवळ गंभीर उत्तर नाही. मात्र या शिक्षणातून एका शब्दाविषयी जे मत बनले, ते येथे मांडावेसे वाटते.

एकलहरे म्हटले की नाशिककरांना औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आठवतात. 1970च्या सुमारास हे केंद्र सुरू झाले, पुढे 210 मेगावॅटचे तीन संच आले, वसाहत आली, वसाहतीबरोबर डांबर आले. नाशिकरोडहून येणारा रस्ता हमरस्त्यासारखाच. पण त्याच्या कडेपासून पन्नास पावलांवर गोदाकाठची काळी जमीन सुरू होते. तिथे गहू, ऊस, द्राक्ष, कांदा आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पाणंदी. पावसाळ्यात ही माती चाकाला लपेटून बसते आणि मडगार्ड भरून गाडी जागीच थांबवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वर फुफाटा असतो. शिकण्याजोगा काळ म्हणजे हिवाळा. तेव्हा पावसाळ्यातले चर वाळून कडक झालेले असतात. वर दवाचा पातळ ओलावा असतो, आणि जिथे पाटाचे पाणी फुटलेले असेल तिथे पाच-दहा हात पावसाळाच शिल्लक असतो. एका किलोमीटरात जमिनीचे चार स्वभाव भेटतात.

थंडीचे म्हणाल तर शेजारच्या निफाड तालुक्यातले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतेच. पण वर्तमानपत्रातला आकडा उभ्या माणसाचा असतो. हवा 8 अंशांवर असताना ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती 2 अंशांसारखी झोंबते. आधी बोटांची टोके जातात, मग ब्रेकच्या दांडीवरची जाण जाते. हात ब्रेक दाबतो, पण किती दाबला हे मनाला उशिरा कळते. थंड टायर पहिले काही किलोमीटर रस्ता नीट धरत नाही, दवाने भिजलेल्या राखेवर तर मुळीच नाही. यावरचे उपाय जुने आहेत. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, कानटोपीवर शिरस्त्राण आणि दूधवाल्यांप्रमाणे हँडलला बांधलेली रेक्झिनची आवरणे. (साहित्य पुरवण्यांचा याहून ऊबदार उपयोग आम्हांस ठाऊक नाही.) मातीत उतरल्यावर गंमत अशी, की वेग वीसवर येतो, अंगाला काम पडते आणि दहा मिनिटांत घाम फुटतो. थंडी हा डांबरावरचा प्रश्न आहे.

डांबरावरच्या माणसाला मातीत आपल्या बहुतेक सवयी उलट्या कराव्या लागतात. वळणावर गाडीबरोबर आपणही आत झुकायचे, हे हाडांत मुरलेले असते. इथे गाडी आत झुकवायची, पण अंग सरळ ठेवून भार बाहेरच्या पायावर द्यायचा. बसायचे नाही, पायदांड्यांवर उभे राहायचे आणि गुडघ्यांनी टाकी धरायची. हँडल घट्ट धरायचे नाही, कारण पुढचे चाक थोडे इकडेतिकडे होणारच, ते होऊ द्यायचे. पुढच्या ब्रेकला एखादे बोट पुरे. आणि नजर दूर. चाकासमोरच्या दगडाकडे जो पाहतो तो त्या दगडावरच जातो.

मग चाकोरी येते. उसाच्या ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी पाडलेले, वीतभर खोल, कडक काठांचे दोन चर. डांबरावरून आलेल्या माणसाची पहिली ओढ त्यातून बाहेर पडण्याची असते. तो चाक किंचित वळवतो. चाक काठाला घासत राहते, काठ चढत नाही. मागचे चाक चरातच असते, गाडी तिरपी होते आणि माणूस आडवा. चाकोरीत चालण्याची विद्या निराळी आहे: चाक मध्ये सोडायचे, नजर चराच्या दूरच्या टोकाला, एंजिनाचा ओढ एकसारखा. चर स्वतःच गाडी नेतो. बाहेर पडायचेच असेल, तर काठ उतरता झालेली जागा आधीच हेरावी लागते. तिथे पोचल्यावर अंग मागे घेऊन, पुढचे चाक हलके करून, निश्चयाने आणि शक्य तितक्या काटकोनात काठ ओलांडावा लागतो. भीतभीत, कडेकडेने चाकोरी सुटत नाही. आणि जो तिच्यात नीट चाललेला नाही, त्याला ही जागा दिसतही नाही.

आमचा मुद्दा एवढाच, की ज्यांना आपण चाकोरी मोडणारे म्हणतो त्यांच्या कवितेत चाकाची खूण शोधावी. मर्ढेकरांचेच पाहा. 1947च्या ‘काही कविता’ने मराठी कवितेचा मार्ग बदलला, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. पण त्यांच्या किती कविता अभंगाच्या आणि ओवीच्या छंदात आहेत, हे त्याच तासाला सांगतो का? यंत्रयुगातल्या महानगराचा विषाद संतांच्या चरातून चालला, म्हणूनच त्याची घरघर एवढी ऐकू आली. ‘चाकोरीबाहेर’ म्हणून आपण तो ताण पुसून टाकतो आणि विद्यार्थ्याच्या हाती कवितेऐवजी प्रशस्तिपत्र देतो.

दुसरा आक्षेप ‘ऑफ-रोड’ या शब्दालाच आहे. 2015 साली सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. 2016 साली ‘हिमालयन’ आणि 2019 साली ‘एक्सपल्स’ आली. तेव्हापासून हा शब्द शहरी तरुणांच्या तोंडी रुळला. पण रस्ता सोडून म्हणजे कोणाचा रस्ता सोडून? एका पाणंदीवर आम्ही हेल्मेट काढून एका आजोबांना विचारले, की या आडवाटेने गाडी नेली तर चालेल का. ते म्हणाले, “न्या की सर, पण आडवाट कशाला म्हणता? याच रस्त्यानं आमची सून दवाखान्यात गेली.” डेअरीचा माणूस दोन्ही बाजूंना कॅन लटकवून त्याच वाटेने पहाटे साध्या टायरच्या गाडीवर जातो, आणि त्याला कोणी साहसवीर म्हणत नाही.

कायद्यालाही हे रस्ते ठाऊक आहेत. बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (1966) कलम 143 मध्ये आहे. वहिवाटीला झालेला अडथळा दूर करण्यासाठी 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम 5 आहे. पाणंद अडवली म्हणून तहसीलदारापुढे वर्षानुवर्षे वाद चालतात. ज्या वाटेसाठी माणसे अशी झगडतात, तिला ‘रस्ता नसलेली जागा’ म्हणणे हे डांबराचे अज्ञान आहे. ते निव्वळ शाब्दिकही राहत नाही. जिथे रस्ताच नाही तिथे नियम कसले, अशा समजुतीने ओल्या बांधावरून आणि उगवत्या गव्हातून गेलेल्या जाडजूड टायरांच्या खुणा आम्ही पाहिल्या आहेत. खाली नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला रामसर दर्जा मिळालेला आहे. हिवाळा हाच तिथल्या पाहुण्या पक्ष्यांचा मोसम; त्या काठाला मोटारसायकल नेणे आम्हांस सर्वथा गैर वाटते. बांध बैलाचा आणि पायांचा. मोटारसायकलीने पाणंदीवरच राहावे, तेही विचारून.

रॉबर्ट पर्सिगच्या 1974च्या प्रसिद्ध पुस्तकातला प्रवासी महामार्ग टाळून गावांमधले रस्ते निवडतो, आणि ही निवड आमच्या पिढीला मोठी बंडखोर वाटली होती. पण त्याची पसंती गावाकडच्या पक्क्या रस्त्यांना आहे. त्याने ते मोकळेपणाने सांगितले आहे, हे आपण वाचताना गाळले.

फेब्रुवारी सरता सरता या वाटांवर फुफाटा चढू लागतो, चरांचे काठ ढासळतात. मग पुढच्या पावसात सारे सपाट होते, आणि डिसेंबरात उसाची पहिली ट्रॉली कुठून गेली, यावर त्या वर्षीची चाकोरी ठरते.