चमचा वाकवणाऱ्याचा मान

जादूगार फसवतो आणि तिकीट काढणाऱ्याला ते ठाऊक असते. युरी गेलर यांनी चमचे वाकवताना हा करार मोडला. ही हातचलाखी नव्हे, मनाची शक्ती, असा त्यांचा दावा. सफाईला दाद द्यावी, व्यावसायिक मान देऊ नये. आज चमचा वाकवणाऱ्या शक्तीकडे उद्या कुणी गाठ विरघळवायला जातो. १९७३ मध्ये जॉनी कार्सन यांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने साहित्य आयोजकांनीच ठेवले, तेव्हा शक्ती फिरकलीच नाही. (कार्सनही एकेकाळी जादूचे प्रयोग करत.) तरी १९७४ मध्ये ‘नेचर’ने गेलर यांच्यावरील चाचण्यांचा निबंध छापला, शंका नोंदवून का होईना. निसर्ग मुद्दाम फसवत नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांना लबाडी हुडकण्याची सवय नसते. अशा चाचणीला एक जादूगार हवाच, तोही साहित्य मांडण्याआधीपासून.