वेशभूषेने भागत नाही



‘संमेलनात मुलांना सर्व प्रांतांची वेशभूषा केली की पुरे, एरवी शिक्षकांनी पुस्तक संपवावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीपासून कन्नड, तमिळ, तेलुगूपर्यंत अनेक माध्यमांत चालतात. आमच्या गोरेगावात आरेच्या पाड्यांवरची वारली मुलेही शाळेत येतात. चौथीला त्रिकोण शिकवताना मी पाड्यावरच्या एका मुलीला फळ्यावर वारली माणूस काढायला सांगितले. टोकाला टोक लावून दोन त्रिकोणांचे धड, वर वर्तुळाचे डोके! मग तमिळ घरातल्या मुलाने ठिपके मोजून कोलम रांगोळी काढून दाखवली. भूमिती पुस्तकातलीच होती आणि तास एकच लागला.

यात नवे काहीच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हीच वाट धरली. परिसरातल्या वस्तूंची साधने केली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. वेशभूषा स्पर्धा जरूर घ्याव्यात. पण मुलांच्या घरातले ज्ञान रोजच्या तासाला फळ्यावर यावे, एवढा आग्रह पालकांनी शाळेकडे धरावा.

– एक निवृत्त शिक्षिका, गोरेगाव (पूर्व)